अर्ध्या पानाचे चार गुण

4 जुलै 2025, शुक्रवार

दुपारी निकाल लागला. एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं सत्र. सांख्यिकीय पद्धतीच्या पेपरला 'सी'. लेखी 80 पैकी 34, अंतर्गत 20 पैकी 18. एकूण 52.

बाकीचे सगळे विषय जसे यायला हवे होते तसे आले. प्रकल्पाला तर 'ओ' आहे. पण ती ओळ मी एकदाच वाचली असेन. 'सी'ची ओळ मात्र मोबाइलवर मोठी करून, लहान करून, पान पुन्हा उघडून पाहत राहिले, जणू नेट गेल्यामुळेच ती तशी दिसत होती.

पेपर लांबला होता आणि पाचवा प्रश्न राहिला होता, हे माहीत होतं. तरी 'बी प्लस'च्या खाली जाईल असं मनात आलं नव्हतं. संध्याकाळी मेसला गेले नाही. वर्गाच्या ग्रुपवर सगळे आपापला एसजीपीए टाकत होते. मी ग्रुप म्यूट केला.

5 जुलै, शनिवार

पहाटे जाग आली तेव्हा डोक्यात आकडेमोड सुरूच होती. इथे लिहून काढते, म्हणजे थांबेल.

सत्राचे क्रेडिट 22. हा पेपर चार क्रेडिटचा. 'ओ'ला 10, 'ए प्लस'ला 9, 'ए'ला 8, असं उतरत 'सी'ला 5. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले 22. माझी बेरीज 182, म्हणून 8.27. याच पेपरला 'ए प्लस' असता तर बेरीज 198 आणि एसजीपीए बरोबर 9.00. पहिल्या सत्राला 9.09 होता. म्हणजे नऊच्या वर राहायची जी साखळी मनाशी धरली होती, ती तुटली.

मग पुढचं गणित. चार सत्रांचे मिळून क्रेडिट 88. या एका पेपरात गेलेले पॉइंट 16. सोळा भागिले 88, म्हणजे 0.18. दोन वर्षांच्या शेवटी या 'सी'मुळे सीजीपीए एवढाच खाली येणार.

शून्य पूर्णांक अठरा. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून हा आकडा किती लहान आहे हे मला कळतं. तरी छातीवरचं ओझं तसूभरही हललं नाही. मग हे दुःख आकड्याचं नाहीच, दुसऱ्याच कशाचं तरी आहे. त्याला नाव देता येत नाहीये.

6 जुलै, आषाढी एकादशी

सकाळपासून वाळूजच्या छोट्या पंढरपूरकडे माणसांची रीघ. आमच्या खालच्या रस्त्यावरून टाळ-मृदंग वाजवत एक दिंडी गेली. मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी होती.

आईचा फोन आला. सांगावंच लागलं. ती म्हणाली, "आठ पूर्णांक सत्तावीस म्हणजे दहापैकीच ना? मग चांगले आहेत की गं." अण्णांनी फोन घेतला. "तब्येत बरी आहे ना? जेवतेस ना वेळेवर?" एवढंच विचारलं आणि पाऊस कसा आहे ते सांगत बसले. पैठणकडे या खेपेला कपाशी बरी आहे म्हणे.

दोघं रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. रागावलेल्या माणसासमोर रडता येतं. 'चांगले आहेत की' म्हणणाऱ्यासमोर काय रडणार?

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. माझी रूममेट, जिला अख्खं होस्टेल सिल्लोडवाली म्हणतं, तिचा हाच पेपर गेलाय. एटीकेटी. ती काल दिवसभर गप्प होती आणि आज खिचडी खाता खाता मला म्हणाली, "तुझा निघाला ना? मग सुटलीस." तिच्यासमोर 'सी'चं दुःख काढायला तोंडच उघडत नाही. ज्याचं पोट भरलंय त्यानं उपाशी माणसासमोर चवीची तक्रार करावी, तसं वाटतं. पण ओठांशी दाबून ठेवलं म्हणून ते गेलं असं होत नाही.

11 जुलै, शुक्रवार

उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज केला. पुनर्मूल्यांकनाचं नंतर ठरवू. सिल्लोडवालीनंही केला. फी तिच्या मामांनी भरली.

तिसऱ्या सत्राचे तास सुरू झालेत. सरांनी टर्म पेपरचा विषय निवडून एका पानाची रूपरेषा मागितली आहे. माझी वही कोरी आहे. विषय सुचत नाही असं नाही, चांगले तीन सुचलेत. पण पहिलं वाक्य लिहिते, खोडते आणि वही मिटते. जे करायचं ते पूर्ण आणि निर्दोषच, नाहीतर हातच लावायचा नाही, असं काहीतरी आत बसलंय. आधी ते मला माझा गुण वाटायचं. दहावीला शाळेच्या फळ्यावर नाव लागलं ते त्याच्याच जोरावर.

19 जुलै, शनिवार

फोटोकॉपी आली. दाराला कडी लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. मग बेगमपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि सगळी पानं पलंगावर ओळीनं मांडली.

पाच प्रश्न, प्रत्येकी 16 गुण. तीन तासांची 180 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 36.

पहिला प्रश्न सहसंबंधाचा. कार्ल पिअर्सनचा गुणांक, त्याची सिद्धता, उदाहरण, विकिरण आकृती. नऊ पानं. आकृती पट्टीनं आखलेली, अक्षांची नावं ठळक, सूत्रांभोवती चौकटी, निष्कर्षाखाली दुहेरी रेघ. एका पानावर उदाहरण अर्धं सोडवून आडवी काट मारलीय, आणि तेच उदाहरण पुढच्या पानावर पुन्हा, जास्त नीट. दोन्हीकडे उत्तर एकच. गुण 13.

दुसरा, सहा पानं. गुण 10. तिसरा चार पानं. गुण 7. चौथ्यात निर्देशांक, फिशरची रीत. इथे अक्षर माझं वाटतच नाही. पाशेचं सूत्र, लास्पेअरचं सूत्र, दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ, कोष्टकाचे तीन रकाने भरलेले, चौथा रिकामा. निष्कर्ष नाही. एकूण अर्धं पान. त्याच्या कडेला तपासनिसाच्या लाल पेनानं लिहिलेला आकडा: 4.

पाचवा प्रश्न कोरा. त्याच्यासमोर काही लिहिलेलं नाही.

त्या चाराकडे मी खूप वेळ पाहत बसले. ते अर्धं पान लिहिताना किती लाज वाटत होती, ते अजून आठवतंय. घंटा व्हायला थोडा वेळ उरला होता, हात थरथरत होता, आणि असलं अर्धवट काही लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं वाटत होतं. तरी लिहिलं. आणि कुणीतरी अनोळखी माणसानं ते वाचून, कोष्टक कुठवर आलंय ते पाहून, त्याचे चार गुण मोजून दिले.

पहिल्या प्रश्नात काट मारून पुन्हा लिहिलेल्या पानाला मात्र काहीच मिळालं नाही. मिळायचं कारणही नव्हतं. ते तपासनिसासाठी नव्हतंच, माझ्यासाठी होतं.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करणार नाही. बेरीज बरोबर आहे, कुठे गुण द्यायचे राहिलेले दिसत नाहीत.

20 जुलै, रविवार

सिल्लोडवालीची पत्रिका आणि माझी शेजारी ठेवून वाचल्या. तिनं पाचही प्रश्नांना हात घातलाय, कुठेच मुळात गेली नाही. तिला सूत्रं पाठ आहेत, पण कोणतं कुठे लावायचं हे कळलेलं नाही. माझं नेमकं उलट. ती हसून म्हणाली, "आपण दोघींनी मिळून एक पेपर लिहिला असता तर 'ए प्लस' होता." पहिल्यांदाच तिच्यासमोर मी माझ्या 'सी'बद्दल बोलले. तिनं ऐकून घेतलं. "तुला वाईट वाटणारच," म्हणाली. "माझं गेलं म्हणून तुझं दुखणं खोटं होतंय होय?"

नळाला आज पाणी आलं. सगळा मजला बादल्या घेऊन धावला, बोलणं तिथेच राहिलं.

27 जुलै, रविवार

पावसानं उघडीप दिली म्हणून मकबऱ्याच्या मागून डोंगरावर, औरंगाबाद लेण्यांना गेलो. चौघी होतो. वरून विद्यापीठाचा परिसर, मकबऱ्याचा पांढरा घुमट आणि सगळं शहर हिरवट धुक्यात दिसत होतं.

लोक अजिंठा-वेरूळला जातात, ही लेणी बहुतेकांची राहून जातात. मी शाळेच्या सहलीत आले होते, तेव्हा नुसती धावपळ झाली. आज पहिल्या लेण्यात रेंगाळले. ते अपूर्ण आहे. पडवीतले खांब पाहावेत तर नक्षीनं भरलेले, वरच्या कोपऱ्यांत झाडाखाली उभ्या स्त्रिया, दारांभोवती बारीक कोरीवकाम. आत जावं तर काम थांबलेलं. कोरायचं राहिलेला खडक तसाच आहे. अजिंठ्याचं 24 नंबरचं लेणंही असंच अपुरं आहे. पूर्ण झालं असतं तर तिथल्या मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. आमच्या एका सरांनी सांगितलेलं आठवतं की खडक कोणत्या क्रमानं फोडत नेला, खांब आधी कसा चौकोनी सोडला आणि मग कसा घडवला, हे अभ्यासकांना अशाच अपुऱ्या लेण्यांत वाचता येतं. पूर्ण झालेल्या भिंतीवर छिन्नीचा माग राहत नाही.

सातव्या लेण्यात दाराच्या बाजूला अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना आठ महाभयं कोरलीत. आग, तलवार घेतलेला मारेकरी, बंदिवास, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, मृत्यू. प्रत्येक चौकटीत घाबरलेली माणसं हात जोडून उभी. साधारण सहाव्या शतकातलं काम. व्यापाराच्या वाटेवरचे लोक इथे येऊन आपलं भय कोणतं ते बोट ठेवून दाखवू शकत असतील. आम्ही चौघीही तेच करत बसलो. एकीनं हत्ती निवडला, तिच्या गावात कधी हत्ती आलेला नाही तरी. मी जहाज.

2 ऑगस्ट, शनिवार

कॉलेजच्या समुपदेशन कक्षात गेले. कोणी पाहील म्हणून आठवडाभर टाळत होते. मॅडम मानसशास्त्राच्या आहेत. त्यांनी आधी झोप, जेवण, पाळी, सगळं विचारलं. 'जगावंसं वाटत नाही' असं कधी मनात येतं का, हेही सरळ विचारलं. नाही म्हणाले, आणि ते खरं आहे. तरी त्यांनी 'टेली मानस'चा क्रमांक, 14416, माझ्याकडून मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतला. म्हणाल्या, रात्री-बेरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तुला नाही लागला तर मजल्यावर कुणाला तरी लागेल.

मग त्यांनी समजावलं की परिपूर्णतेचा हट्ट एकाच जातीचा नसतो. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून निर्दोषपणाची मागणी, दुसऱ्यांकडून मागणी, आणि लोक आपल्याकडून ती मागताहेत अशी समजूत. तिसरा सगळ्यांत जाचक. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41 हजारांहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि सर्वांत जास्त वाढ याच तिसऱ्याची होती, 33 टक्के. आपल्याकडची मुलं त्या अभ्यासात नाहीत. पण मॅडम म्हणाल्या, माझ्या दारात बसणाऱ्यांत मला तोच प्रकार जास्त दिसतो.

"तुझ्याकडून नऊ कोण मागतंय?" त्यांनी विचारलं. मी आई-अण्णा म्हणणार होते, पण एकादशीचा फोन आठवला. मग नावच सापडेना.

एक काम दिलंय. टर्म पेपरची रूपरेषा वेळ लावून लिहायची, चाळीस मिनिटांत जशी होईल तशी, आणि न सुधारता सरांना द्यायची. ऐकूनच पोटात गोळा आला.

9 ऑगस्ट, राखीपौर्णिमा

घरी आले. धाकटा बारावीला आहे. राखी बांधल्यावर तो मला गच्चीवर घेऊन गेला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "ताई, राग नको येऊ देऊ. तुला 'सी' मिळाला ऐकून मला बरं वाटलं."

मी काही बोलले नाही.

"तुला कमी पडावेत असं नाही गं. पण घरात मार्कांचं निघालं की तुझंच नाव निघतं. आई बोलत नाही, पण मावशी, काकू, शेजारचे, सगळेच. 'ताईच्या वाटेनं जा.' मला तुझ्याएवढे पडणार नाहीत, मला माहितीये. वाटायचं तुझं कधीच काही चुकत नाही."

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, आणि इथे कळलं की नऊ मागणाऱ्यांच्या यादीत याच्या बाजूनं पाहिलं तर माझं नाव आहे. मी कधी एक शब्द बोलले नसेन. माझ्या प्रगतिपुस्तकांची फाइल मात्र आमच्या कपाटात वरच्या खणात असते, आणि पाहुणे आले की खाली उतरते.

रात्री त्याला माझी उत्तरपत्रिका दाखवली. पहिली नऊ पानं त्यानं भराभर उलटली. चौथ्या प्रश्नापाशी थांबला. "एवढ्याचे चार दिले?" त्याचा चेहरा उजळला. मग त्यालाच त्याच्या फिजिक्सच्या पेपराचं असं मिनिटांचं गणित करून दिलं.

14 ऑगस्ट, गुरुवार

चाळीस मिनिटांत रूपरेषा लिहिली. शेवटचा मुद्दा अर्ध्या वाक्यावर सुटला. तशीच सरांच्या टेबलावर ठेवून आले आणि जिन्यात थांबून पाणी प्यायले. विषय घेतला आहे बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चा.

त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या समग्र वाङ्मयाचा सहावा खंड आणलाय. रुपया चांदीवर होता, मग इंग्रज सरकारनं सुवर्ण विनिमय पद्धत आणली, आणि चलन किती काढायचं याला नीट लगाम राहिला नाही, हे बाबासाहेब आकड्यांनिशी मांडतात. वर्गात आम्हाला या ग्रंथाचं नाव आणि साल सांगितलं जातं. त्यामागची हकिकत मला या आठवड्यात नीट कळली.

हा लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.चा प्रबंध. 1923 च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारायला नकार दिला. इंग्रजी राजवटीच्या चलन धोरणावरची टीका त्यांना बोचली, असं चरित्रकार सांगतात. बाबासाहेबांचे पैसे संपत आले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, घराची आणि वकिलीची जमवाजमव करत प्रबंध नव्यानं बांधला, ऑगस्टमध्ये परत पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग आणि सन यांनी पुस्तक काढलं. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची, आणि तीत त्यांनी आपल्या विद्यार्थ्याचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत हे मोकळेपणानं नोंदवून त्याच्या विचारांतल्या ताजेपणाला दाद दिली आहे. दोन वर्षांनी हिल्टन यंग आयोगासमोर बाबासाहेबांची साक्ष झाली, तीही याच चलनाच्या प्रश्नावर.

आणखी एक आकडा. 1907 च्या मॅट्रिकला त्यांना 750 पैकी 282 गुण होते. वस्तीनं त्यांचा सत्कार केला, कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. ज्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं जायचं, हात लावून पाणी प्यायची मुभा नव्हती, त्याच्या 282 ची आणि माझ्या 52 ची तुलना मी करणार नाही. कुणी केली तर मला आवडणारही नाही. ज्यांना रस्ताच नाकारला होता त्यांचा लढा वेगळा होता, आणि मला आज ज्या शहरात एम.ए. करता येतंय तिथे 1950 मध्ये कॉलेज काढून त्यांनी आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या पोरांची सोय केली. त्याच कॉलेजच्या परिसरावरून, नागसेनवनावरून, रोज जाते.

मला त्यातून घ्यायचंय ते वेगळं, आणि कामापुरतं. मार्च ते ऑगस्ट. नाकारलेला प्रबंध त्यांनी टेबलावर घेतला, त्यातलं बदलायचं ते बदललं, निष्कर्षांवरची पकड सोडली नाही, आणि परत पाठवला. मधल्या महिन्यांत त्यांना काय वाटलं असेल याचा अंदाज मी बांधत नाही. पुस्तक हातात आहे, तेवढं पुरे.

22 ऑगस्ट, पोळा

रूपरेषा परत आली. कडेला पेन्सिलीनं बरंच लिहिलंय. 'हा मुद्दा दोन भागांत कर.' 'कॅननचा आक्षेप नेमका काय? आधी तो मांड.' 'विनिमय दराचं कोष्टक हवं.' सुटलेल्या अर्ध्या वाक्यापुढे सरांनी लिहिलंय, 'पुढे? इथेच खरा पेपर आहे.'

घाम फुटलाच. खुणा पाहिल्या की अजूनही पहिल्यांदा तेच होतं, मॅडम म्हणाल्या होत्या की होईल. पण संध्याकाळपर्यंत कॅननचा आक्षेप शोधून एक पान लिहून झालं होतं. त्या पानात एक खाडाखोड आहे आणि ते पान तसंच ठेवलंय.

अण्णांनी बैलजोडीचे फोटो पाठवले. शिंगांना गेरू-निळा रंग, पाठीवर नवी झूल. एकाची झूल तिरकी बसलीय.

30 ऑगस्ट, शनिवार

तिसऱ्या सत्राची पहिली चाचणी झाली. 20 गुण, 45 मिनिटं. कागदाच्या कोपऱ्यात आधीच मिनिटं लिहून ठेवली होती. पहिल्या प्रश्नाचा शेवटचा परिच्छेद हवा तसा झाला नाही. वेळ संपल्यावर तो तिथेच सोडून पुढे गेले. सोडताना फार जड गेलं, अगदी खरं सांगायचं तर दुसऱ्या प्रश्नाच्या पहिल्या ओळी लिहिताना डोळे भरून आले होते. पण चारही प्रश्न लिहून झाले. गुण किती पडतील सांगता येत नाही. कदाचित आधीपेक्षा कमीच.

सिल्लोडवालीचा राहिलेला पेपर हिवाळी परीक्षेत आहे. कोणतं सूत्र कुठे लावायचं, याची दोघी मिळून वही करतोय. मी उदाहरण वाचायचं, तिनं फक्त रीत सांगायची, सोडवायचं नाही. सहसंबंध आणि प्रतिगमन यांच्यात ती अजून गोंधळते. उद्या सकाळी मेस उघडायच्या आधी तेच घ्यायचं ठरलंय. तिनं मला बजावलंय, वहीत आकृत्या पट्टीनं आखत बसायचं नाही.